बावीस ढांगांची पिच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या यार! माझ्या अकलेचे दिवे बघितल्यावर तेवढं पण त्राण राहणार न्हाई तुमच्यात.

झालं असं, मी परभणीतला क्लबचा खेळाडू. दर रविवारी पेडगावात पोरींना क्रिकेट शिकवायला जायलो. पहिल्याच दिवशी पिच आखायची होती. टेप कोण शोधणार? बावीस यार्ड म्हणजे बावीस ढांगा, हिशोब सोपा! त्यात अख्खं गाव बघायलेलं. मी ढांगा अशा टाकल्या, जसा काही ओढाच ओलांडायलोय!

आमची फास्ट बोलर भाग्या. घरी मेंढरं. ढेकळं फेकून कळप वळवणारा हात! पण बॉल स्टंपापर्यंत पोचेस्तोवर दमायचा.

"दादा, पिच लय लांब वाटायलीय."

"पिच न्हाई, तुझी ताकद कमी पडायलीय! कोच कोण हाय?"

"तुमीच."

"मग?"

बिचारी दोन महिने जीव तोडून टाकायली. बॉल जागेवर पडायला लागला. आपली कॉलर टाइट!

मग आली जिल्ह्याच्या टीमची निवड. प्रत्येकीला सहा बॉल, बस्स. जागा एकच उरलेली. भाग्याचा बाप मेंढरं भावाच्या हवाली करून आलेला.

पहिला बॉल बॅटरच्या डोक्यावरून, कीपरच्या डोक्यावरून, सीमेपार!

दुसरा? त्याच्याहून वर!

मी बाहेरून बोंबललो, "भाग्या, अजून ताकद लाव!"

लावली. तिसरा थेट सिलेक्टर सरांच्या चहात. कप खल्लास!

भाग्यानं स्टंपाकडं बघितलं. मग माझ्याकडं. अन् सरांना विचारलं, "सर, थोडं मागून टाकलं तर चालतंय का?"

"टाक बाई. फक्त इकडं नको!"

ती चार पावलं मागं सरकली. मधला स्टंप हवेत! पाचवा बॉल, पुन्हा दांडी. सहावा, तेच!

सर उठूनच उभे राहिले. "एवढ्या मागून? कोच कोण हाय हिचा?"

मी छाती फुगवून पुढं. "मी, सर! ताकद वाढावी म्हणून पिच मुद्दाम लांब ठेवली. आपलं खास तंत्र!"

"मुद्दाम कुठं, दादा?" भाग्या म्हणाली. "तुमी तर ढांगा मोजल्या."

तिचा बाप मागून म्हणतो, "अन् मधी एक उडी बी मारली की वो. म्या बघितलं ना!"

तर भाग्या जिल्ह्याच्या टीममधे गेली. मी पण गेलो की! मैदान आखताना टेप धरायला. त्यातही आकडे वाचायचं टोक माझ्या हातात कुणी देत न्हाई!