इस्माईलचाचांच्या इंधनात पाणी नव्हतं

तिसरं हेलिकॉप्टर परत आलं आणि माझं डोकं फिरलं. पडघ्याच्या मैदानावर तीन मिनिटं ते नीट उडालं. मग आवाज चिरका झाला, पाती मंदावली आणि मालकाने ते कसंबसं गवतात उतरवलं. आधीच्या दोघांचीही अगदी हीच तक्रार होती. तिन्ही मशीन एकाच पंधरवड्यात सर्व्हिस होऊन गेली होती, आणि सर्व्हिस मी केली होती.

मी भिवंडीतल्या टेमघरला एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. रेडिओ कंट्रोलवर उडणारी मॉडेल हेलिकॉप्टर आम्ही दुरुस्त करतो. त्यांना खेळणी म्हणू नका. वरच्या पात्यांचा पल्ला सव्वा मीटरच्या पुढे जातो, हात मध्ये आला तर हात जातो. त्यामुळे हवेत इंजिन दमलं तर ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नसते.

ही इंजिनं पेट्रोलवर चालत नाहीत. मेथॅनॉल, नायट्रो आणि तेल यांचं मिश्रण लागतं, त्याला सगळे नुसतं ‘नायट्रो’ म्हणतात. आत ग्लो प्लग असतो. सुरू करताना त्याची तार बॅटरीने लाल करायची, पुढे ती आपली आपण लाल राहते. इंधन किती जावं हे एका बारीक स्क्रूने ठरवायचं, त्याला नीडल म्हणतात. इंधन कमी पडलं की इंजिन तापतं, जास्त झालं की धूर सोडत गुदमरतं. सगळा खेळ या दोन टोकांच्या मध्ये.

मी ग्लो प्लग बदलला. इंधनाची नळी पाण्यात बुडवून फुंकली, कुठे बुडबुडा नाही. नीडल थोडी उघडली, तर मिनिटभर जास्त उडालं आणि पुन्हा तेच. मग उरलं काय? इंधन. पडघ्याच्या मैदानावरचे सगळे एकाच माणसाकडून इंधन घेतात. इस्माईलचाचा. आयुष्यभर लूम फिटर होते, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करायचे; निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये हे मिश्रण बनवायला लागले. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कॅन उघडा राहिला की माल खराब. म्हणजे हा म्हातारा पाणी झालेला माल लोकांच्या गळ्यात मारतोय, असं मी ठरवून टाकलं.

खात्रीही केली, म्हणजे मला तसं वाटलं. दुकानात एक नवंकोरं हेलिकॉप्टर नुकतंच जोडून तयार होतं. त्यात बाहेरून मागवलेलं दुसरं इंधन घातलं. मस्त उडालं. झाला की पुरावा!

मी यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत पत्रकं लिहिते. कारखान्यात बायकांना संडास नाही, यावर लिहिलेलं माझं पत्रक दोनदा छापावं लागलं होतं. तीच सवय हाताला. अख्खी दुपार बसून मी मैदानाच्या ग्रुपसाठी मजकूर लिहिला: ‘भेसळीचं इंधन बंद करा! तुमच्या मशीनशी आणि जिवाशी खेळणाऱ्याला जाब विचारा!’ खाली मागणी: रविवारी मैदानावर सगळ्यांनी ठरवावं, या माणसाकडून एक थेंबही घ्यायचा नाही. आणि शेवटी माझं पूर्ण नाव.

आमचे मालक भोईर सर टेमघरचेच. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

“त्यांना फोन केलास का?”

“फोन केला की पुरावा गायब करतात, सर.”

“इंधन हाय बाई ते, खून न्हाय झाला.”

“लोकांचं नुकसान होतंय!”

“टाक मग. पन माझं नाव नको त्यात. मला रोज त्यांच्या दारावरून जायाला लागतं.”

मी टाकलं. तासाभरात पन्नास अंगठे आले. “वा ताई”, “कोणीतरी बोललं पाहिजेच होतं.” खरं सांगते, छान वाटलं.

शुक्रवारी भिवंडीत लूमना सुट्टी. आमचं वर्कशॉप एका कारखान्याच्या माळ्यावर आहे. एरवी जमीन थरथरत असते, त्या दिवशी पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू येते. नमाज आटोपून इस्माईलचाचा जिना चढून आले. पांढरा कुर्ता, हातात काही नाही.

“सलाम, भोईरसेठ. वो पर्चेवाली मॅडम कहाँ बैठती है?”

“मीच,” मी म्हटलं. भांडणाची तयारी ठेवूनच म्हटलं.

“बढिया लिखती हो. नातीने वाचून दाखवलं. सुनते सुनते मुझे खुद पे गुस्सा आ गया.”

भोईर सर खोकल्यासारखं करून तोंड फिरवून हसले. चाचा स्टुलावर बसले. “रविवारी लोकांनी नाही म्हटलं तर मी बंद करेन, बेटा. या वयात दारोदार सफाई देत फिरणार नाही. पण आधी मशीन दाखव.”

मी सगळं सांगितलं. प्लग, नळी, नीडल, आणि शेवटी माझा पुरावा. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, “मशीन भी दुसरी, तेल भी दुसरा. दोन्ही बदललं. मग गडबड कोणाची, ते तुला कसं कळलं?”

लूमवर फिटर दोन गोष्टी एकदम बदलत नाही. एक बदलतो, चालवून बघतो, मग दुसरी. हे त्या कारखान्याच्या माळ्यावर बसून मला ठाऊक नसावं?

“माझं तेल त्या चांगल्या मशीनमध्ये घाल,” चाचा म्हणाले.

मागच्या गोडाऊनशेजारी मोकळा प्लॉट आहे. तिथे नवं हेलिकॉप्टर त्यांच्या इंधनावर उडवलं. टाकी संपेपर्यंत आवाज जराही हलला नाही. मग कोणी न सांगता मीच आजारी मशीन घेतलं आणि त्यात बाहेरचं इंधन भरलं. तीन मिनिटांनी आवाज चिरका. उतरवून इंजिनच्या मागच्या प्लेटवर बोट ठेवलं. चार-पाच सेकंद बोट टिकलं तर इंजिन ठीक समजायचं. मी बोट टेकल्या टेकल्या मागे घेतलं.

म्हणजे इंजिन भयंकर तापत होतं, आणि इंधनाचा काही संबंध नव्हता.

“साफसफाई कशी करतेस?” चाचांनी विचारलं.

“हल्ली खालच्या कारखान्यातली कंप्रेसरची हवा मारते. ते लूमला मारतात तशीच.”

“कव्हर निकाल के?”

“नाही. जाळीतूनच.”

त्यांनी हात पुढे करून स्क्रू ड्रायव्हर मागितला.

इथे थोडं समजून घ्या. विमानाच्या मॉडेलमध्ये इंजिन नाकावर असतं, त्याला समोरून वारा लागतो. हेलिकॉप्टरमध्ये ते पोटात असतं. म्हणून त्याला छोटा पंखा आणि भोवती प्लास्टिकचं कव्हर देतात. पंख्याची हवा कव्हरमधून इंजिनच्या अंगावरच्या, पत्र्यांसारख्या पातळ पात्यांवरून वाहते आणि उष्णता घेऊन जाते. चाचांनी ते कव्हर काढलं. इंजिनची पाती दिसलीच नाहीत. दिसला करडा, तेलकट, घट्ट बसलेला थर.

“ये देखो. नमदा बन गया. दाबून बसवलेली लोकर असते ना, तसं.”

खालच्या लूमवरून दिवसभर रुई, म्हणजे सुताचे तंतू, उडत वर येते. आमच्याकडे हेलिकॉप्टर खिडकीजवळ हुकाला टांगलेली असतात, धुराच्या तेलाने चिकट झालेली. रुई त्यांच्यावर बसायची. आणि मी बाहेरून हवा मारून ती सगळी आत, पात्यांच्या फटीत, ठासून भरत होते. बाहेरून मशीन चकचकीत, आत गोधडी. नवंकोरं हेलिकॉप्टर उडालं, कारण माझी सर्व्हिस अजून त्याच्या नशिबी आली नव्हती.

“लूमपे नया आदमी यही करता है,” चाचा म्हणाले. “हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून मारली तर कचरा घरातच बसतो.”

भोईर सर म्हणाले, “तीन मशीनांत समान काय, तर इंधन. आन् अजून कोन?”

“मी,” मी म्हटलं.

आम्ही तिघांनी मिळून ते इंजिन साफ केलं. चाचांनी बांबूची काडी तासून फटीतला एकेक पट्टा काढायला शिकवलं, लोखंडाने ओरखडे पडतात म्हणून. पुन्हा उडवलं. टाकी संपली तरी बोट प्लेटवर आरामात टिकलं.

मी फोन काढला. चाचांनी मनगट धरलं. “लिख दो, मशीन गरम हो रही थी. बस. तुला या धंद्यात अजून नाव कमवायचंय.”

जो माणूस माझ्यामुळे रविवारी धंदा बंद करणार होता, तो माझ्या नावाची काळजी करत होता. संघटनेत मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, केलीही आहेत. असं वागणारा माणूस इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला. त्यांचं एवढंच एक मी ऐकलं नाही. ‘इंधनात काही दोष नव्हता, चूक माझी होती, तिन्ही मशीन मी पुन्हा उघडून साफ करून देते,’ असं लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. आरोप करताना नाव घालायला लाजले नव्हते, मग आता कशाला?

रविवारी मैदानावर कोणी काही ठरवलं नाही. चाचा तिथे नेहमीसारखे कॅन घेऊन बसले होते. पण माझा पहिला मजकूर दुसऱ्या गावांच्या ग्रुपांत जाऊन पोचला होता आणि तिथून तो अजूनही अधूनमधून फिरत परत येतो. माफीचा मजकूर कोणी पुढे पाठवला नाही. पहिला मजकूर जिथे जिथे सापडतो तिथे मी स्वतः जाऊन माफीचा चिकटवते. हे काम संपलेलं नाही.

चाचा अजूनही शुक्रवारी वर येतात, चहा घेतात, माझं काम बघतात. मी नवीन पत्रक लिहिलं की आधी त्यांना वाचून दाखवते. ते एकच विचारतात, “खोल के देखा?”

त्या कव्हरला चार स्क्रू असतात. काढायला दोन मिनिटं लागतात. मला तेवढी सवड झाली नव्हती.