जऊळक्याचा फोटो, कारंज्याचा नळ

एक फोटो फिनलंडला धाडायचा खरा खर्च सांगतो. जाड कागद, शंभर रुपये. तो जमेपर्यंत बिघडलेले तीन कागद, तीनशे. रसायनं, पुठ्ठा, पाकीट आणि परदेशी टपाल धरून गाडी साडेसहाशेवर जाते. गिऱ्हाईकाला बिल समजावतो तसं मी हे बायकोला समजावलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अन् पाणी धरलं नाई?" पाण्याचं बिल कोण लावतं? मी ते सोडून दिलं.

मी रिसोडचा. पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देतो. शाळा सातवीतच सुटली, दुकान माझं मी उभं केलं, आणि पोटाची सोय लागल्यावर रोलच्या कॅमेऱ्याचा नाद लागला. न्हाणीघराच्या खिडकीला काळं फडकं लावलं की माझी डार्करूम तयार. असले नादिष्ट लोक आपसात फोटोंची अदलाबदल करतात. मी हातानं काढलेला प्रिंट तुम्हाला, तुमचा मला.

परदेशी अदलाबदल सोपी असते. प्रिंट टपालात टाकायचा, तिकडून गोड कार्ड येतं. आमची वऱ्हाडातली अदलाबदल मात्र हुंडा ठरवल्यासारखी कडक. सहा जण आहोत. प्रिंट हातानं नेऊन द्यायचा, घेणाऱ्यानं तो वर्षभर भिंतीवर लावायचा, आणि वर्ष भरलं की देणाऱ्यानं निगेटिव्ह खिशात घेऊन स्वतः बघायला जायचं. प्रिंट खराब झाला असेल, तर तिथेच, घेणाऱ्यासमोर, पुन्हा काढून द्यायचा.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी एकाच निगेटिव्हचे दोन प्रिंट काढले. जऊळक्याच्या स्टेशनातल्या बाकड्यावर बसलेला एक म्हातारा, पांढऱ्या झुपकेदार मिशा, मागे लांब जाणारे रूळ. एक फिनलंडच्या एका नादिष्टाला गेला, दुसरा आमच्या सहांतल्या, कारंज्याच्या सुषमाताईंना. सुषमाताई एक्स-रे काढण्याच्या नोकरीत आहेत आणि फोटोतला म्हातारा म्हणजे त्यांचे वडील, किसनबाबा. रेल्वेतली सारी नोकरी जऊळक्याच्या रुळांवर केलेली. फोटो बघून ते म्हणाले होते, "हार घालाले हाच ठेवजो, सुषमा. आधार कार्डावरचा लावशीन तर भूत होऊन येईन."

फिनलंडहून कार्ड आलं, ते भाषांतर करून घेतलं : काय हा उबदार तपकिरी रंग, कुठलं खास रसायन वापरता, तुमच्या प्रिंटला माझ्याकडे मानाची जागा दिली आहे. ते कार्ड मी दुकानाच्या काचेखाली ठेवलं. मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की रिसोडच्या माणसाचा फोटो फिनलंडच्या भिंतीवर टांगलाय. रंगाचं विचारलं तर म्हणायचो, तो वऱ्हाडी रंग, सांगून येत नाही.

या मे महिन्यात कारंज्याला जायची पाळी आली. सुषमाताईंना फोन केला तर म्हणाल्या, "भाऊ, बुधवारीच या. बुधवारी नळ येते." मला वाटलं, पाहुण्याच्या आंघोळीची काळजी.

उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटे निघा आणि फिल्म मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका, शिजते. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. रस्ता रिसोड, मालेगाव (आपलं, नाशिककडचं नव्हे), जऊळका, शेलूबाजार, कारंजा. मालेगावपर्यंत गतिरोधक इतके की कंबरेचं वायंडिंग सुटतं. पुढे रस्ता चांगला.

जऊळक्याला चहाला थांबलो. सोबत गरम भजी, मिरची मागितल्याशिवायच मिळते. चहावाल्यानं मला ओळखलं.

"तुमीच ना ते? किसनबाबाले बाकड्यावर बसवून, डोक्यावर फडकं घेऊन कॅमेऱ्यात घुसले होते? आमाले वाटलं, उलटी होऊन राह्यली यायले."

"मीच. फोटो कसा आला म्हणतात बाबा?"

"बाबा मागच्या महिन्यात आले होते. म्हने, फोटो माह्या आधी म्हातारा होऊन राह्यला."

मी मनसोक्त हसलो. चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत, भज्यांचे घेतले.

कारंज्यात उन्हं चढायच्या आत पोचलो. बाजाराच्या बाजूनं गेलात तर गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे बसस्टँडच्या बाजूनं जा. दारात जयभीम झालं, माठातलं पाणी झालं आणि मी भिंतीकडे पाहिलं. बुद्धांच्या तसबिरीच्या शेजारी माझा प्रिंट. मिशा चहात बुडवून काढल्यासारख्या. एका गालावर पिवळा डाग, मागचे रूळ धुक्यात गेलेले.

किसनबाबा खाटेवरून म्हणाले, "पाहा गजाननराव. मी अजून जित्ता हावो अन् फोटो चालला! मेल्यावर हार कोनाले घालतीन? चौकटीले?"

"बाबा, हा वऱ्हाडी रंग हाय. फिनलंडवाल्यानं त्याले..."

सुषमाताईंनी प्रिंट चौकटीतून काढला, नाकाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. "किती पाण्यानं धुतला, भाऊ?"

"दोन बादल्या."

"दोन बादल्यांत आमचे बाबा पाय धुतात."

"मे महिना होता, ताई. टँकरचं पाणी..."

"मंग फोटो दिवाळीत धुवायचा होता! घाई काहून केली? फिनलंडची गाडी सुटून राह्यली होती का?"

गोष्ट साधी आहे. फोटो पक्का करणारं रसायन कागदातून धुऊन गेलं पाहिजे. जाड कागदाला तासभर वाहतं पाणी लागतं. नाही तर तेच रसायन फोटोला आतून खात बसतं आणि माझा तो वऱ्हाडी रंग चढतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला वाटलं, दोन बादल्यांत भागेल. धंद्यात असंच कमावलंय.

ताईंच्या मागच्या खोलीत खिडकीला पत्रे लावून अंधार केलेला. दुपारी प्रिंट काढायच्या यंत्रावर निगेटिव्ह चढवली. बाबांचा चेहरा कागदावर उमटला तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "यालेही दोन बादल्या का?"

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला : नळ आला! पलीकडे ड्रम, हंडे, घागरी. आमच्याकडे पाण्याची नळी, एक पसरट परात आणि तीत किसनबाबा. म्हणजे तीत त्यांचा फोटो. स्वतः ते शेजारी पाटावर बसले होते आणि कुणाला हात लावू देत नव्हते.

शेजारच्या बाई हंडा कंबरेवर घेऊन थांबल्या. "काय धुऊन राह्यले, बाबा?"

"सोताले."

"लवकर आटपा. आमचा अर्धा ड्रम बाकी हाय."

"माय, तुहा ड्रम पुढच्या बुधवारीही भरते. मी एकदाच मरतो."

पण नळाला बाबांची पर्वा नव्हती. अर्धा तास झाला नाही तोच धार करंगळीएवढी झाली आणि गेली. बाबा परातीकडे बघत बसले. सुषमाताईंनी घरातला भरलेला ड्रम उघडला. बाबा म्हणाले, "आंघोळीचं हाय ते." ताई म्हणाल्या, "दोन दिवस नाई केली तर मरत नाई." मग अर्धा ड्रम तांब्यातांब्यानं परातीत गेला. ओतायचं काम माझं. शेवटी शेजारच्या बाईही आपला हंडा घेऊन आल्या आणि बडबडत अर्धा ओतून गेल्या.

ताईंनी कोपऱ्यावर तपासणीचा थेंब टाकला. डाग उठला नाही, म्हणजे रसायन धुऊन गेलं.

"आता मराले हरकत नाई?" बाबांनी विचारलं.

"वर्षभर थांबा," ताई म्हणाल्या. "भिंतीवर वर्ष काढल्याबिगर प्रिंट पास होत नाई. नियम हाय."

रात्री आमरस, कुरडया, वांग्याची भाजी. मुक्कामाचा खर्च शून्य, टोमणे वेगळे. सकाळी आंघोळ न करता निघालो.

घरी आल्यावर बायकोला आधी सांगितलं की बिलात पाणी धरायचं राहिलं होतं. तिनं "हं" म्हटलं, बस्स. मग फिनलंडला मेल लिहून घेतला : माफ करा, तुमच्या भिंतीवरचा प्रिंट खराब होईल, उतरवून ठेवा, नवा धुऊन पाठवतो.

दोन दिवसांत उत्तर आलं. काळजी करू नका, प्रिंट भिंतीवर कधी लावलेलाच नाही. बाकीच्या दोनशे प्रिंटसोबत डब्यात आहे.