शिवकांतामावशीचं मापटं

फोन आला तेव्हा मी लातूरहून निघालेल्या एस.टी.त होते, मावशीकडेच चालले होते. तिला आता भाकरी चावायची नाही म्हणून पिशवीत खारी घेतली होती. मामेभाऊ म्हणाला, "ताई, मावशी गेली." "अरे, पोचतेच आहे मी," असं काहीतरी मी बोलले... माणूस अशा वेळी काय वाट्टेल ते बोलतं.

शिवकांतामावशी अहमदपूरच्या आठवडी बाजारात ज्वारी विकायची. नवरा लवकर गेला, सासरी कुणी थारा दिला नाही, मग एका पितळी मापट्यावर तिनं आख्खा जन्म काढला. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायची नाही, 'बरकत' म्हणायची. मग दोन, तीन. मापट्यावरची शीग तिनं हातानं कधी सपाट केली नाही. सुट्टीत मी शेजारी बसायचे. "मावशी, अशानं सगळं वाटून टाकशील," म्हटलं की खेकसायची, "गप बस! माप भरायले मी, भीक न्हाई घालायले." लई फटकळ बाई. पण तिची गिऱ्हाइकं दुसरीकडं जायची नाहीत.

मग एका साली ऐन काढणीत पाऊस झाला. ज्वारी काळी पडली, दाणा पोचट राहिला. "यंदा दाणा हलका हाय, भावबी कमीच धरलाय," असं ती प्रत्येकीला आधीच सांगायची. कमलकाकूंनाही सांगितलं. कमलकाकू तिच्या जुन्या गिऱ्हाईक, खरं तर मैत्रीणच. त्यांनी ज्वारी नेली ती थेट किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, आणि गेल्या सालाइतकी ती भरली नाही. भरेल कशी? हलका दाणा मापटं शिगोशीग भरतो, पण काट्यावर कमीच उतरतो. हे ऐकायला थांबतंय कोण! काकू माघारी आल्या आणि भर बाजारात ओरडल्या, "शिवकांते, मापटं बुडातून ठोकून घेतलंस का गं? इतकी वर्षं लुटलंस आमाला?"

मावशीनं मापटं पुढं केलं, हात घालून बघा म्हणाली. कुणी हात घातला नाही, कुणी तिच्या बाजूनं बोललंही नाही. मला त्या सगळ्याजणींचा संताप येतो, अजून येतो. पुढच्या बाजारी गिऱ्हाईक तिच्यासमोरून निघून जाऊ लागलं. तिच्या भावानं, माझ्या मामानं, इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला, तर म्हणाली, "काटा धरला म्हंजे मापटं खोटं होतं, असंच झालं की." मग बाजार सुटला, हळूहळू जेवणही सुटलं. मागच्या भेटीत मला म्हणाली, "पोरी, ते मापटं माझ्यासंगं पुरा. मागं राहिलं तर चोराचं म्हनतील."

आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. तिला बसवलं, कपाळाला विभूती लावली, आणि मी मापटं ज्वारीनं भरून तिच्या मांडीवर ठेवलं. विधीला आलेल्या स्वामींनी बघितलं, आणि विधी तसाच पुढं चालू ठेवला.

घरात तिची थोडी ज्वारी उरली होती. काही आठवड्यांनी तीच घेऊन मी बाजारात तिच्या जागेवर बसले, समोर काटा ठेवला. कमलकाकू आल्या, तोंडाला पदर लावून.

"मापट्यानं दे, बाई."

"मापटं गेलं तिच्यासंगं."

काकू खाली बसल्या. "खोटं न्हवतं गं ते..."

"मोठ्यानं बोला. त्या दिवशी सगळ्या बाजाराला ऐकू गेलं होतं."

त्या उठल्या, बायांकडं वळून ओरडल्या, "शिवकांताचं माप खरं होतं!" आवाज फाटला त्यांचा. शेजारची बाई मान खाली घालून भेंडी निवडत राहिली. मी विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

काकू म्हणाल्या, "त्याच आठवड्यात... दुसरीकडची ज्वारी मापट्यानं घेऊन तोलली, तीबी तेवढीच भरली तवा. पर कोनत्या तोंडानं येऊ?"

त्याच आठवड्यात! आणि मावशी त्यानंतर सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा जिवंत होती. बाजाराच्या दिवशी सकाळी नीट लुगडं नेसून, दार सताड उघडं टाकून बसायची... कुणी आलं तर दार लोटलेलं नको, म्हणायची.