हाक नको

"हाक नको. मी जाते."

एवढं म्हणून बाई माझ्या खिडकीपासून वळायच्या आणि चालायला लागायच्या. मी इकडे माईकच्या बटणावर बोट ठेवून बसलेली. अहो, सोय कशाला केलीय ती? बटण दाबलं, नाव घेतलं, की अख्ख्या शाळेत ऐकू जातं आणि दोन मिनिटांत पोर ऑफिसात हजर. पण नाही. बारावीच्या कुणाला बोलवायचं झालं की या बाई फेब्रुवारीच्या उन्हात मैदान ओलांडून पलीकडच्या पत्र्याच्या वर्गांपर्यंत जाणार, दारातून डोकं आत घालणार आणि म्हणणार, "तुझं लायब्ररीचं पुस्तक राहिलंय. ये जरा."

सप्टेंबरच्या सुमाराला मॅगपाय पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतात. बाई डोक्यावर फाईल धरून जायच्या.

"बाई, एक दिवस डोळा फोडतील ते तुमचा."

"फोडू देत. दुसरा आहे ना."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसापुढे काय बोलायचं?

सिडनीतल्या क्वेकर्स हिलजवळच्या या सरकारी शाळेत मी पुढच्या ऑफिसात बसते. बाई करिअर अ‍ॅडव्हायझर, म्हणजे बारावीनंतर कुणी कुठे जायचं ते बघणाऱ्या. इथल्या युनिव्हर्सिट्या शेवटची परीक्षा व्हायच्या आधीच काही मुलांना प्रवेश देऊन टाकतात. शाळेची शिफारस लागते आणि मुलाने स्वतःविषयी लिहिलेलं निवेदन लागतं. घरची ओढाताण असेल तर शिष्यवृत्ती मिळते, कधी वसतिगृहासकट. फक्त ओढाताण आहे हे कबूल करावं लागतं. लग्नं जुळवणाऱ्या बायका करतात तसं बाईंचं चालायचं. या मुलाला ती युनि, त्या मुलीला ही शिष्यवृत्ती. इंटरनेटवर कुठल्या कोपऱ्यात काय पडलंय ते त्या शोधून काढायच्या आणि मुलांच्या मागे लागून अर्ज करून घ्यायच्या.

शाळेतल्या स्टाफमध्ये मराठी आम्ही दोघीच. मी डोंबिवलीची, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मूळ गाव कुठलं, सासर कुठलं, सगळं विचारून झालं होतं. बाईंच्या आडनावावरून काही पत्ता लागत नव्हता, आणि आमच्या मराठी मंडळात आडनावावरून पत्ता लागला नाही की लोकांना चैन पडत नाही. मला जेवणाच्या सुट्टीत खास कामगिरी दिलेली होती, "तू काढ की विषय." मी काढायचे. बाई डबा बंद करत म्हणायच्या, "मराठवाड्यातली आहे. लोणचं हवंय का तुला?"

त्या वर्षी बारावीत एक मराठी मुलगी होती. तिला सायली म्हणू या. वर्गात पहिली. जन्म इथलाच, गाय फक्त गाडीच्या काचेतून बघितलेली, आणि हिला व्हायचं होतं गुरांची डॉक्टर! सिडनीपासून लांबच्या एका गावात तसं कॉलेज होतं. तिथला लवकरचा प्रवेश आणि वसतिगृहासकट शिष्यवृत्ती असं दोन्ही बाईंनी हेरून ठेवलं होतं. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर प्रवेश मिळूनही उपयोग नव्हता. मला मात्र नवल वाटलेलं. सायलीच्या घरच्यांना मी मंडळात बघत आले होते. बाप आयटीतला, आई गणपतीला दरवर्षी नवी पैठणी नेसून यायची. "ह्यांचं हल्ली वर्क फ्रॉम होम असतं," असं ती सांगायची. यांना कशाला हवी शिष्यवृत्ती?

अर्जाचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. संध्याकाळी पाचला पोर्टल बंद. शाळा सुटल्यावर सायली माझ्या खिडकीशी आली. डोळे लाल, हातात कागद.

"ममने सगळं क्रॉस आऊट केलं. शी सेज वी आर फाइन."

बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी कागद घेतला. मुलीने जे काही लिहिलं होतं त्यावर आडव्या रेघा, आणि खाली आईच्या अक्षरात इंग्रजीत एकच वाक्य: आमचं कुटुंब सुखवस्तू आहे.

मी तोवर बाईंना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. घरच्या परिस्थितीचं निवेदन आणि आईची सही असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. त्यांनी आईला फोन लावला. "फक्त दहा मिनिटं या. सहीचं नंतर बघू."

शुक्रवारी मी तीनलाच निघते. त्या दिवशी पाय निघेना म्हणून थांबले, आणि तिथेच घोटाळा झाला. सायलीची आई सव्वाचारला दारातून आत आली, मला बघितलं, आणि जागच्या जागी थांबली.

"अय्या, तू अजून इथे?"

"हो अगं, आज जरा काम..."

"काही नाही, मी सहजच आले होते," असं म्हणत ती मागच्या मागे बाहेर गेलीसुद्धा. शाळेत कुणी सहज येतं का हो? सायली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाई पार्किंगकडे धावल्या. बाईंना धावताना मी तेव्हाच पाहिलं. काचेतून मला दिसत होतं: गाडी सुरू झाली होती, आणि बाई पुढचं दार उघडून सरळ आत जाऊन बसल्या. गाडी थांबली. थोड्या वेळाने बाईंनी हात बाहेर काढून मला खूण केली. मी खिडकी ओढून घेतली आणि गेले.

"मागे बस," बाई म्हणाल्या.

"हिला कशाला?" सायलीची आई समोर बघत म्हणाली. "उद्या सकाळी मंडळभर होईल."

मला असा राग आला! पण बोलणार काय? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे क्वेकर्स हिलपासून पार दुसऱ्या राज्यातल्या टार्निटच्या माझ्या नणंदेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

"म्हणूनच बोलावलंय तिला," बाई म्हणाल्या.

बाहेर ऑगस्टचा वारा सुटला होता आणि गाडी हलत होती. सायलीची आई हळू आवाजात बोलू लागली. नवऱ्याचं कंत्राट संपलं, मग पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो घरीच. ही गोदामात पॅकिंगच्या शिफ्टला जाते. पैठणी बहिणीने पाठवलेली. आणि मग ती एकदम ताठ झाली. "पण आमच्याकडे आजवर कुणी असलं काही घेतलेलं नाही. सवलती घेणारे लोक वेगळे असतात."

मी चटकन बाईंकडे बघितलं. बाई मात्र शांत होत्या.

"मी त्यांच्यातलीच," त्या म्हणाल्या. "आम्ही बौद्ध. कॉलेज सगळं स्कॉलरशिपवर केलं. आमच्याकडे कारकून वर्गाच्या दारात यायचा आणि ओरडायचा, 'स्कॉलरशिपवाले, उभे राहा!' भर तासाला. मग आम्ही उभे राहायचो आणि बाकीचा वर्ग वळून बघायचा. एका वर्षी मी उठलेच नाही. मान खाली घालून बसून राहिले."

"मग?" सायलीच्या आईने विचारलं.

"मग काय, माझं नाव गेलं. त्या वर्षीचे पैसे आले नाहीत. घरी एकीचंच भागणार होतं, म्हणून धाकटीची शाळा थांबवली. ती परत सुरू झालीच नाही." बाई काचेबाहेर बघू लागल्या. "अजून मला ताई म्हणते. फोन करते दर रविवारी. कधी काही बोलत नाही."

मला ते बटण आठवलं, माझं बोट आठवलं, आणि उन्हातून चालत जाणाऱ्या बाई आठवल्या. इतकी वर्षं मी हसत होते त्यांना.

"आता माझी गोष्ट हिच्याजवळ आहे," बाई माझ्याकडे न वळता म्हणाल्या. "मंडळात न्यायची झाली तर आधी माझी नेईल. तुमची तिच्यामागे. आणि इथे सायलीला कुणी उभं करणार नाही. निदान मी असेपर्यंत नाही."

सायलीच्या आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सांगशील?"

"नाही," मी म्हटलं.

तिने गाडी बंद केली. आत गेल्यावर ती सांगत गेली, सायली टाईप करत गेली. पोरगी एकदाच थांबली आणि म्हणाली, "मम, आय डिडन्ट नो धिस." आईने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. पाचला काही मिनिटं असताना सही अपलोड केली, तर स्क्रीनवर ते मेलं गोल चक्र फिरतच राहिलं. मी देवाचं नाव घेत होते. बाई मॉनिटरच्या कडेला घट्ट धरून उभ्या होत्या, जणू तो पळून जाणार होता. मग एकदाचा हिरवा टिकमार्क आला. सायलीच्या आईने बेसिनवर तोंड धुतलं आणि मी तिला मागच्या दाराने बाहेर काढलं.

परीक्षेच्या आधीच उत्तर आलं. प्रवेशही, शिष्यवृत्तीही. मी आनंदाने माईककडे झेपच घेतली. "बाई, आता तरी! चांगली बातमी आहे!"

"चांगली असली तरी तिची आहे. हाक नको." फाईल डोक्यावर धरून बाई मैदानात उतरल्या.

तुम्ही म्हणाल, मग आता कशी सांगतेस? सायलीला आणि तिच्या आईला विचारलं. दोघी हो म्हणाल्या. बाईंना टूवूंबाला फोन केला. त्यांच्या मिस्टरांना तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मागच्या वर्षी त्या गेल्या. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाल्या, म्हणजे त्यांनाही कुणी उभं करायचं नाही. फोनवर हसल्या. "सांग की. पण तुझ्या तोंडात तीळ भिजला म्हणायचा!" मी हसले आणि फोन ठेवल्यावर रडले. फार आठवण येते हो त्यांची.

त्यांच्या जागी एक तरुण आलाय, चांगला आहे बिचारा. परवा खिडकीशी चिठ्ठी ठेवून म्हणाला, बारावीतल्या अमुक मुलीला बोलाव, शिष्यवृत्तीचं आहे, अर्जंट. माझं बोट सवयीने बटणावर गेलं. मग उठले.

"हाक नको," मी म्हटलं. "मी जाते."

तो बघतच राहिला. ऊन मी म्हणत होतं, माझे गुडघे कुरकुरत होते आणि मी बाईंच्या नावाने बोटं मोडत मैदान ओलांडलं. पत्र्याच्या वर्गाच्या दारातून डोकं आत घातलं आणि त्या मुलीला सांगितलं की तिचं लायब्ररीचं पुस्तक राहिलंय.

"पण मिस, मी पुस्तक घेतलंच नाहीये," ती म्हणाली.

"माहितीये गं. चल."