तिच्या अर्जावरचा शेरा

मी सिंगापूरला गेलो तेव्हा आमच्या कंपनीकडे एकच मजला होता. तीन-चार वर्षांत बँकांची कामं एवढी वाढली की वरचे दोन मजलेही घेतले. बेटावर जागा नाही म्हणून खुर्चीला खुर्ची खेटलेली, पण माणसं येतच राहिली. बहुतेक आपल्याकडचीच.

आपली माणसं म्हणजे आपले प्रश्नही आले. चहाच्या मशीनपाशी कुणीतरी हसत विचारायचं, "आडनावावरून काही कळत नाही हो तुमचं. मूळचे कोण?" माझं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्यानंतर ते मला डब्याला बोलवायला लागले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे नवी माणसं निवडायच्या व्हिडिओ मुलाखतींना मला बसवायला लागले. एका सकाळी पडद्यावर माझ्या गावची, चुडाव्याची, आमच्याच बौद्ध वस्तीतली पोरगी आली. आमच्या घरापासून तिसऱ्या दाराची. पुण्यात नोकरीला होती. लहानपणी मी तिला गणितं शिकवली होती. मला बघून तिचं तोंड फुललं.

"जय भीम, दादा!"

माझ्या शेजारी आमचा टीमप्रमुख बसला होता. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "शाल वी स्टार्ट?"

तिचं हसू गेलं. पण उत्तरं तिनं एकेक करून नीट दिली. एका प्रश्नाला तर माझ्यापेक्षा सरळ वाट काढली तिनं. कॉल संपल्यावर टीमप्रमुखानं विचारलं, "ओळखीची आहे?"

"नाही," मी म्हणालो. आणि फॉर्मवर लिहिलं: संवादकौशल्य कमी. त्या रकान्याला पुरावा लागत नाही, हे मला माहीत होतं. ती आली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्याला कळलं असतं, मी कोण ते.

यंदा उन्हाळ्यात गावी आलो. ती आता ताडकळसला मुलींना कॉम्प्युटर शिकवते. मी आलोय कळल्यावर घरी आली. आईसमोर बसली, पाणी प्याली.

"दादा, माझ्या पोरी मुलाखतीची तयारी करायल्यात. येऊन दोन शब्द सांगा की. का तिकडं जाऊन मराठी इसरलात?"

आई हसली. मला हसता येईना. तिला सोडायला फाटकापर्यंत गेलो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तवा लाईन खराब होती का ओ? माझं बोलणं कळत नव्हतं का? नकारासोबत तो शेरा आल्यावर मी दोन वर्षं इंग्रजीचा क्लास लावला. पुन्हा बाहेरचा अर्ज केलाच न्हाई. वाटलं, आपल्याला बोलताच येत न्हाई."

"लाईन चांगली होती," मी म्हणालो. "तुझं बोलणंही चांगलं होतं. तू जय भीम म्हणालीस म्हणून मी तसं लिहिलं."

ती फाटकाची कडी नुसतीच खालीवर करत राहिली.

"मला एकटीला सांगून काय उपेग? पोरींना सांगा."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तासभर बोललो. कॅमेऱ्याकडे कसं बघायचं, उत्तर कुठं थांबवायचं. पोरी लिहून घेत होत्या. एकीनं विचारलं, "सर, तिथं जात विचारत्यात का?"

"कामाशी काम असतं," मी म्हणालो.

त्यांना शिकवणारी ती मागच्या बाकाशी उभी होती.  पुढे येऊन तिनं प्रोजेक्टर बंद केला.

म्हणून हे लिहिलं, आणि आधी तिलाच पाठवलं, वर्गात वाचून दाखव म्हणून. तिचा निरोप आला: "अर्धंच लिव्हलंय दादा. काहीतरी सांगितलं म्हंजे काय सांगितलं? आपुन कोन म्हणून सांगितलं तुमी?"

तर तेही लिहितो. मी त्यांना सांगितलं, आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी. मग त्या खोट्याला जागायचं म्हणून दर नवरात्रात त्यांच्यासमोर नऊ दिवस उपास धरला, आणि आईचा फोन आला की उठून जिन्यात जात राहिलो. आई फोनवर पहिलाच शब्द जय भीम म्हणते.

आता वाच पोरींना.