हवाईपट्टीवरची लाल गाडी

मी शाळेत असताना आमच्या भागातली हवाईपट्टी बहुतेक ओसच असायची. निवडणूक आली की एखादं विमान उतरायचं, जीपगाड्यांची रांग लागायची. ते उडालं की पट्टीवर पुन्हा गुरं चरायची आणि कडेला कोणी तुरी वाळवायचं. पुढे कारखानदारांची छोटी विमानं यायला लागली. मग वैमानिक घडवणारी शाळा आली आणि सकाळपासून पट्टीवर विमानांचा राबता सुरू झाला. कुंपण झालं, गुरं बाहेर गेली.

इतकी विमानं म्हटल्यावर आग विझवणारी गाडी आली. तिच्यासाठी ड्रायव्हर हवा होता. अब्बांचं पांढरकवड्याला ट्रॅक्टर-जीपचं गॅरेज, त्यामुळे गाड्यांची मला लहानपणापासून सवय. मी विचारायला गेले. तिथल्या साहेबांनी मला नीट बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "पाण्यानं भरलेली गाडी वळणावर कशी डोलते, माहीत आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "शिकून येते."

घरी सांगितल्यावर अम्मीनं मामूंना बोलावून घेतलं. मामू म्हणाले, "कायले पोरीले ट्रकवर बसवता? लग्नाचं पहा." अब्बांनी हात पुसले आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसाचा पाण्याचा टँकर मागून आणला. मुकुटबनच्या रस्त्यावर आम्ही रोज जायचो. पाणी मागे हिंदकळलं की सगळी गाडी एका अंगाला ओढायची. माझे खांदे भरून यायचे.

"क्लच सोडून राह्यली का आपटून राह्यली, बेटा?" अब्बा विचारायचे.

"सोडून राह्यली."

"मंग टँकरले सांग तसं."

जड गाडीचं लायसन्स काढलं. आग विझवण्याचं प्रशिक्षण घेतलं. पहिल्यांदा पाइप धरला तेव्हा पाण्याच्या जोरानं मी मागे फेकली गेले. उठून परत धरला. साहेबांनी मला कामावर घेतलं, पण वर्षभर आमची लाल गाडी नुसतीच उभी असायची. रोज इंजिन तपासायचं, टाकीतला आग विझवायचा फेस पाहायचा, सराव करायचा.

मग एका सकाळी एकटीच उडालेली शिकाऊ मुलगी उतरताना जोरात आपटली. विमानाचं पुढचं चाक मोडलं, ते पट्टीवरून घसरत गवतात गेलं आणि एका पंखावर कललं. भोंगा वाजायच्या आत मी गाडी काढली होती. वळणावर पाणी हिंदकळलं, मी वेग कमी केला, गाडी सरळ केली. पेट्रोलचा वास येत होता. माझ्यासोबतच्या वयस्क काकांनी फेस मारायला घेतला आणि ओरडून सांगितलं, "दार पाह्य तू."

दार अडकलं होतं. पहारीनं उघडलं. मुलगी शुद्धीवर होती, पण दोन्ही हातांनी तिनं विमान चालवायचा दांडा घट्ट धरला होता.

"सोड तो. विमान थांबलं आहे," मी म्हटलं.

"मला सोडता येत नाहीये, ताई."

मी तिची बोटं एकेक करून मोकळी केली, पट्टा कापला आणि तिला ओढून बाहेर आणलं. आग लागली नाही. काकांचा फेस मारून होईपर्यंत आम्ही दोघी लांब गवतात बसून राहिलो.

तिच्या एका हाताचं हाड तडकलं होतं. घरचे तिला न्यायला आले, तेव्हा ती आता परत येत नाही असंच सगळे धरून चालले होते. पण प्लास्टर निघाल्यावर ती आली आणि थेट आमच्या शेडमध्ये येऊन म्हणाली, "उद्या उडणार आहे. तुम्ही ड्यूटीवर आहात ना?"

"आहे," मी म्हटलं.

त्या दिवशी वारा शांत होता. ती उतरताना मी इंजिन चालू ठेवून बसले होते. चाकं हलकेच टेकली, विमान शेवटपर्यंत सरळ आलं. काका म्हणाले, "बंद कर गाडी, डिझेल जाळून राह्यली नुसतं." तिच्या विमानाचा पंखा फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत मी गाडी बंद केली नाही.