सुपडूनानांचे एकशेचार किलो

मी काटे दुरुस्त करतो. नाव अभिमन, मूळचा धुळ्याकडचा, दुकान जळगावात बसस्टँडच्या मागे. लोक म्हणतात, काटा खोटं बोलतो. अहो, काटा कशाला खोटं बोलेल? त्याला काय बायकापोरं पोसायची आहेत? खोटं बोलतो तो माणूस, आणि चुकतो तोही माणूसच. त्यातली एक चूक माझी आहे, म्हणून हे सांगतोय. नाहीतर मला गोष्टी सांगत बसायची हौस नाही.

फैजपूरच्या अलीकडे एका गावात केळीवाल्यांचा गट होता. शेतकरी घड कापून आणायचे, ते गटाच्या काट्यावर तोलले जायचे आणि मग ट्रकमध्ये भरून दिल्लीला जायचे. या काट्यावरचे मापाडी म्हणजे सुपडूनाना. उंची बेताची, अंग दणदणीत, धोतर, सदरा, टोपी. विडी नाही, तंबाखू नाही, दारूचं तर नावच काढू नका. नाद एकच, खाण्याचा.

ब्याऐंशी साली गटाची तपासणीची लोखंडी वजनं कुणीतरी लांबवली. त्याच आठवड्यात वजनमाप खात्याचे साहेब काट्याला शिक्का मारून गेले होते. शिक्क्याचा काटा म्हणून नाना गमतीनं वर चढले, तर भरले एकशेचार किलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेतकऱ्यानं शंका काढली, "काटा रातीतून बिघडला असन तं?" वजनं तर चोरीला गेलेली. नाना म्हणाले, "मी चढतो ना." चढले. एकशेचार. शेतकऱ्याची तक्रार मिटली.

तिथून ती रीतच पडली. रोज सकाळी पहिला घड चढायच्या आधी नाना चपला काढायचे, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायचे आणि काट्यावर उभे राहायचे. दांडी एकशेचारवर स्थिर झाली की कुणीतरी ओरडायचं, "नाना बराबर!" आणि काम सुरू व्हायचं. नवी वजनं घ्यायचं मग कुणाच्या मनातही आलं नाही. आसपासच्या गटांत मापावरून रोज हमरीतुमरी व्हायची, इथं चकार शब्द नाही. माणूस इतका सरळ की त्याच्या अंगावरसुद्धा लोकांचा विश्वास.

आता एकशेचार किलो रोज एकशेचार ठेवायचे म्हणजे खेळ आहे का? नानांनी तो धर्मच करून टाकला होता. सकाळी भाकरीबरोबर दूध, दुपारी वांग्याचं भरीत तेलात निथळणारं, संध्याकाळी पुन्हा चार भाकरी. कुठं वरण-बट्टीचं जेवण असलं की नाना बट्टी कुस्करायचे आणि वर तुपाची वाटी उपडी करायचे. एकादशी केली तर द्वादशीला भरपाई. सत्त्याऐंशी साली टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर काट्यावर चढले नाहीत. जळगावहून मला माझी वजनं घेऊन बोलावून घेतलं. घरी त्यांच्या बायकोनं, लिलाबाईंनी, गुळाचा शिरा खाऊ घालून घालून त्यांना पुन्हा एकशेचारवर आणलं, तेव्हाच पठ्ठ्या परत चढला. याला म्हणतात इमान.

एकोणनव्वद साली जळगावच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. रक्तात थोडी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, वीस किलो उतरा, खाणं निम्मं करा, नाहीतर हे वजन कुठून ना कुठून अंगाशी येईल. तिथून नाना तडक माझ्या दुकानात आले. चहा प्यायले, साखर घालूनच, आणि म्हणाले, "डाक्टरले काय जातं सांगाले? मी वीस किलो उतरलो तं लोकाईनं इश्वास कोनावर ठेवायचा?" मी हसलो. मलाही तेव्हा ते पटलं होतं, हे कबूल करतो.

त्र्याण्णवच्या जानेवारीत गटाचे सेक्रेटरी सुकदेवभाऊ यांचा दुकानात फोन आला. काटा तीन किलो कमी दाखवतोय, नाना एकशे एक भरतायत, ताबडतोब या.

आता माझा धंदा ऐका. काटा दुरुस्त करायला जायचं म्हणजे सोबत तपासणीची वजनं न्यायची. वीस-वीस किलोची पाच लोखंडी वजनं. एसटीत ती चढवताना कंडक्टर कपाळाला आठ्या घालतो, सामानाचं तिकीट फाडतो, वर ऐकवतो ते वेगळंच. यावलच्या बसमध्ये मी एकदा त्यावरून भांडलो होतो, माझी कॉलर फाटेपर्यंत. तेव्हापासून मला त्या वजनांचा कंटाळा. म्हटलं, नाना आहेत की तिथं. हत्यारांची पिशवी उचलली आणि हात हलवत गेलो.

नानांना विचारलं, "तब्येत कशी आहे? खाणं?"

"खानं? पह्यल्यापेक्षा दोन घास जास्तच. ताप नही, खोकला नही. पाठ तेव्हढी दुखती, ते घडाईच्या ओझ्यानं."

खाणं तेवढंच, तर वजन तेवढंच. नानांचा हिशोब हा, सुकदेवभाऊंचा हा आणि माझाही हाच. पँटीला पट्टा असता तर दोन भोकं आत गेल्याचं कळलं तरी असतं. नानांचं धोतर. ते गुंडाळू तेवढं गुंडाळलं जातं. मी दांडीवरच्या सरकत्या वजनाच्या पोटातलं थोडं शिसं कोरून काढलं. त्यानं काटा जास्त दाखवू लागतो. नाना चढले. एकशेचार. "काटा बराबर शे, नाना," मी म्हटलं. साहेबांचा शिक्का पुन्हा मारून घ्यायला हवा होता. तो पुढच्या महिन्यात घेऊ म्हणालो आणि चहा पिऊन निघालो.

मार्चमध्ये पुन्हा फोन. पुन्हा एकशे एक. मी पुन्हा हात हलवत गेलो, पुन्हा शिसं कोरलं, मनातल्या मनात काटा बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. शिव्या मला घालायला हव्या होत्या.

मे महिन्यात दिल्लीच्या व्यापाऱ्याचा माणूस गावात येऊन थडकला. दर शंभर किलोमागे पाच-सहा किलो माल कमी भरतोय म्हणाला. वाटेत केळी सुकते, थोडं कमी भरायचंच. पण इतकं? त्यानं गटाच्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, तुमचा मापाडी शेतकऱ्यांकडून खातो आणि माप वाढवून देतो. नानांना! अकरा वर्षांत ज्यानं कुणाच्या बागेतलं एक केळं फुकट खाल्लं नाही, त्याला! सगळ्यात वाईट म्हणजे निंबा पाटील, नानांचा शेजारी, हळूच म्हणाला, "माह्या मालाले औंदा माप जरा बरंच येऊ राह्यलं, खरं." तो तसा भोळा माणूस. पण ते ऐकून नानांचा चेहरा उतरला.

"लोखंड आना," नाना म्हणाले. "अभिमन मिस्तरीले सांगा, लोखंड घेऊनसन ये. काटा खोटा निंघाला तं आजपासून मी या ओट्यावर पाय ठेवनार नही."

यावेळी गटाची जीप आली. पाचही वजनं घेऊन मी गेलो. ओट्यावर दीडेकशे माणूस जमलेला, व्यापाऱ्याचा माणूस खुर्चीवर. नाना काट्याजवळ उभे. त्या सकाळीही ते चढले होते, आणि पुन्हा एकशे एकच भरले होते. मी एकेक वजन ठेवलं. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. दांडी सरकवली. शंभर किलो लोखंड आणि काटा दाखवतोय एकशे सहा.

मी शिसं ओतून भरलं, पुन्हा वजनं ठेवली, काटा शंभरला शंभर आणला. मग नाना न सांगता चपला काढून वर चढले.

पंच्याण्णव.

आधी कुणाला समजलंच नाही. मग सुकदेवभाऊ ओरडले, "म्हणजे माप नानांनी नाही वाढवलं! नानाच घटले, आणि आपण काटा वाढवत बसलो!" ओट्यावर हशा पिकला. व्यापाऱ्याच्या माणसानं हात जोडले. निंबा पाटील म्हणाला, "नाना, बारीक झाले तुम्ही! झाक दिसता आता!" सगळ्यांना आनंद, मापाडी चोर नाही. मी मात्र मान खाली घालून हत्यारं गोळा करत होतो. जानेवारीत लोखंड आणलं असतं तर हे जानेवारीतच कळलं असतं. तोंड उघडायची हिंमत झाली नाही. लाज वाटत होती.

नाना हसत नव्हते. "मी खोटा निंघालो," एवढंच म्हणाले, किल्ल्या सुकदेवभाऊंच्या हातात दिल्या आणि घरी गेले.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. लिलाबाई दारात होत्या. मी म्हटलं, "अक्का, खातापिता माणूस नऊ किलो उतरतो म्हणजे आत काहीतरी झिजतंय. उद्या जळगावला आणा." त्या म्हणाल्या, "भाऊ, महिना झाला, यायले अन्न पचत नही. सांगू नको म्हने कोनाले. म्हने, लोकं म्हनतीन मापाडी आजारी शे."

जळगावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मग मुंबईला पाठवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, म्हणजे जठराच्या मागे दडलेल्या ग्रंथीचा. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. मुंबईहून परत आल्यावर जळगावच्या डॉक्टरांकडे मीही सोबत होतो. नानांनी सरळ विचारलं, "साहेब, हे माह्या खान्यानं झालं का?"

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "तुमच्या एकट्याकडे बोट दाखवून मी तसं सांगू शकत नाही. काटकुळ्या माणसालाही हा आजार होतो, आणि बहुतेक जाड माणसांना होतही नाही. पण शरीराला लागतात त्याच्या दुप्पट उष्मांक वर्षानुवर्षं पोटात गेले, वजन वाढलेलं राहिलं, तर धोका वाढतो असं आता बाहेरचे अभ्यास सांगायला लागलेत. सगळ्यांचं अजून एकमत नाही. मी मात्र एकोणनव्वदला सांगितलं तेच आजही सांगेन."

नानांनी जरा विचार केला. "म्हंजी वजन जास्त व्हतं म्हनून हा आला असन, आन हा आला म्हनून वजन गेलं."

"असंच काहीसं," डॉक्टर म्हणाले.

मी मध्येच विचारलं, "चार महिने आधी कळलं असतं तर?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगता येत नाही. हा फार लपून राहणारा आजार आहे. कदाचित काही फरक पडला असता, कदाचित नाही." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सप्टेंबरात नानांचा निरोप आला, लोखंड घेऊन ये. या वेळी मी एसटीनं गेलो. कंडक्टरनं कटकट केली, मी सामानाचं तिकीट घेतलं आणि गप्प बसलो. नानांना दोघांनी धरून ओट्यावर आणलं. त्यांच्या जागी आता गिरधर नावाचा नवा मापाडी होता, चांगला धिप्पाड. नानांनी त्याला समोर उभं केलं. "सकाळी हे पाच वजनं ठेवायचे. सोता चढायचं नही. कोनी मस्करीत म्हनलं तरी नही." गिरधरनं मान डोलावली. मग नाना म्हणाले, "आता मले चढवा." चढवलं. एकोणसाठ भरले. त्यांनी दांडी नीट पाहिली, मला म्हणाले, "बराबर हाये ना?" मी म्हटलं, "बरोबर आहे."

लोक पांगले तेव्हा मी त्यांच्याजवळ बसलो आणि एकदाचं बोललो. "नाना, जानेवारीत मी लोखंड आणलंच नव्हतं. मार्चमध्येही नाही. कंटाळा केला. तुमच्यावर भागवलं."

"माहीत व्हतं मले," नाना म्हणाले.

"कसं?"

"पिशवी उचलून आल्ता तू. शंभर किलो असं एका हातात येतं का? मीच म्हनाले पाह्यजे व्हतं, वजन आन म्हनून. म्या नही म्हनलं." त्यांना दम लागत होता. "मले बरं वाटलं रे, अभिमन. लोखंडाच्या जागी मले धरलं म्हनून."

दिवाळीच्या आधी नाना गेले. ती पाच वजनं मी परत आणली नाहीत, गटाकडेच राहू दिली. दुकानासाठी नवी घेतली. आता कुठलाही फोन आला तरी ती उचलूनच बसमध्ये चढतो, आणि कंडक्टर काय बोलायचं ते बोलतो.